डुकरांनी ऐकलेली भयकथा

माझा साडू रूपराव भयकथा लिहितो, आणि त्या वाचून लोकांना भीती वाटते. माझी तक्रार एवढीच आहे.

भयकथा मीही लिहितो. त्याच्या कितीतरी आधीपासून लिहितो. समुद्रपूरच्या एका शाळेत हेडक्लार्की करता करता मी जेवढी भुतं कागदावर उतरवली, तेवढी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या चिंचांवर मिळून नसतील. रूपराव कालचा पोरगा. पवनारला धाम नदीच्या काठी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो, वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकतो आणि मधल्या वेळात मोबाइलवर अंगठ्याने कथा लिहितो. अंगठ्याने! मी फाउंटन पेनने लिहितो, काळी शाई वापरतो आणि समास सोडतो. तरीही गेल्या दिवाळीत एका दिवाळी अंकाच्या भयकथा स्पर्धेत पहिलं बक्षीस त्याला मिळालं आणि माझी कथा परत आली. परतीचं तिकीट मीच लावून दिलं होतं म्हणून आली, नाहीतर तेवढीही आली नसती.

बक्षीस मी पचवलं असतं. माझं मन मोठं आहे, हे मी स्वतः अनेकांना सांगितलेलं आहे. पण तो अंक घरी आला त्या दुपारी गोपिका, म्हणजे माझी बायको, ओसरीत बसून रूपरावची कथा वाचत होती. वाचून झाल्यावर तिने अंक मिटला. मग मला म्हणाली, "अहो, माझ्यासंगं मागच्या आंगणात येता का जरासे? वाळलेले कपडे काढाचे आहेत."

"काऊन? एकटीनं जा न."

"भेव वाटते."

बाहेर टळटळीत ऊन पडलं होतं. दोरीवर माझे दोन पायजमे आणि एक बनियन होतं. त्यात भिण्यासारखं काही असलंच तर ते बनियन. आणि ही बाई माझा दंड धरून अंगणात आली! लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली. माझी प्रत्येक कथा मी तिला वाचून दाखवलेली आहे. पण माझ्या एकाही भुताने तिला कधी माझा दंड धरायला लावला नव्हता. पायजम्यांच्या घड्या होईपर्यंत माझा निश्चय झाला. बक्षीस नको, छापून येणंही नको. एकदा तरी माझ्या कथेने गोपिका घाबरली पाहिजे.

आमच्या घरची पद्धत सांगतो. संध्याकाळी मी ओसरीत खुर्ची टाकून कथा वाचतो आणि गोपिका स्वयंपाकघरातून हूं म्हणते. गावाकडे कथा सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकार द्यावाच लागतो, त्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. गोपिकाच्या माहेरी तर हुंकार चुकला म्हणून कथा अर्ध्यावर बंद केल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा ती शिस्तीने हूं म्हणते. पण हुंकारातही जाती असतात. गोपिकाचा हुंकार हा भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर द्यायचा हुंकार आहे.

"दार आपोआप उघडलं," मी आवाज खोल नेऊन वाचतो.

"हूं."

"आत कोणीच नव्हतं."

"हूं."

"आणि तरीही... पाळणा हलत होता!"

"हूं. अहो, उद्या येतानी जिरं आणजा."

आता अशा घरात भयकथा कशी वाढणार, सांगा. वातावरणात मात्र मी कधी कसूर केली नाही. लिहायच्या कोपऱ्यात लाल रंगाचा झिरोचा बल्ब आहे. खिडकीला जुन्या छत्रीचं काळं कापड आहे. टेबलावर नागपूरहून आणलेली प्लास्टरची कवटी आहे. त्या कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत गोपिका सेफ्टी पिना ठेवते. मी कितीदा सांगितलं, हे माझ्या प्रेरणेचं स्थान आहे. ती म्हणते, "मंग तुमची प्रेरणा रिकामीच तं आहे, पिना कुठी अडते?"

रूपरावची कथा मी वाचली नव्हती, हेही सांगून टाकतो. साडूची कथा वाचणं म्हणजे त्याच्या घरी जाऊन त्याच्या नव्या सोफ्यावर बसणं. सोफा मऊ असला तरी मऊ आहे असं म्हणवत नाही. तरी गावात कुणी विचारलं की मी सांगत असे, "कथा बरी आहे, पण शेवट जरा ओढूनताणून आणला." हे मत कोणत्याही कथेला चालतं.

माझा निश्चय शेजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. समोर प्रेमदास राहतात. एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "प्रभाकरराव, तुमच्यात दम आहे, पण तुम्ही थांबत नाई. भेव शब्दात नसते, थांबण्यात असते. मी माइकवर म्हणो, 'समुद्रपूरला जाणारी शेवटची गाडी...' अन् थांबून जाव. अख्खं स्टँड पांढरं पडे!" शेजारच्या आनंदाबाईंचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते मला साडूची नजर लागली होती. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे नजर पक्की, म्हणाल्या. ठसका मला सोडून सगळ्यांना आला होता.

शेवटी मी शत्रूच्या गोटात जायचं ठरवलं. रूपरावच्या सवयी काय, प्रेरणा कुठून येते, हे प्रत्यक्ष पाहायचं. हिंगणघाट, वर्धा अशा गाड्या बदलत मी पवनारला पोहोचलो. कारण काय सांगितलं? वांगी न्यायला आलो. समुद्रपूरला वांगी मिळत नाहीत असं नाही, पण साडूकडे जायला कुठलंही कारण पुरतं.

रूपराव वाफ्यात उकिडवा बसून वांगी तोडत होता. डोक्यावर टॉवेल, अंगात फाटका टी-शर्ट. भयकथा लेखकाचं एक लक्षण नाही. माझी मेहुणी उज्वला बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होती. पाखरं ओरडत होती, ऊन होतं, पलीकडे धामचं पाणी चमकत होतं. इतक्या प्रसन्न जागी बसून हा मनुष्य लोकांचा थरकाप उडवतो, याचा मला संताप आला.

"रूपराव, तुम्ही लिहिता कधी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हे काय, वांगे तोडता तोडता. एक ओळ सुचली का मोबाइल काढतो."

"वातावरण? दिवा? पडदे?"

"कायचे पडदे, भाऊजी? वावराले पडदे कोण लावते?"

"मग भूत सुचतं कसं?"

त्याने वांग्याचा काटा बोटातून काढला आणि जरा लाजून म्हणाला, "मी भुताच्या नादी लागतच नाई. माणूस कायले भेते, थे पायतो. कोणाच्या घरी गेलो का गपचूप पाहत बसतो."

घ्या. म्हणजे हा पाहुणा म्हणून जातो आणि हेरगिरी करतो. मी मनात नोंद केली की यापुढे तो आला की पडद्याआडचं काही दिसू द्यायचं नाही. पण खरा घाव पुढेच होता. उज्वला कौतुकाने म्हणाली, "भाऊजी, याईची कथा आता डुकरं बी ऐकून राह्यले, सांगतलं का तुमाले?"

आमच्या भागात हरभऱ्यावर रानडुकरं येतात. त्यांना हाकलायला शेतात भोंगा लावतात. बॅटरीवर चालतो, आत कार्ड असतं, आणि कार्डात 'हुर्रर्र, हाऽऽ हाऽऽ' असं ओरडणं भरलेलं असतं. पण डुकरं हुशार झाली आहेत. ते हुर्रर्र त्यांच्या ओळखीचं झालं. तेव्हा रूपरावने यंदा गंमत म्हणून आपली बक्षिसाची कथा स्वतःच्या आवाजात भरून लावली. अख्ख्या हंगामात त्याच्या वावरात डुक्कर फिरकलं नाही. आता आजूबाजूचे शेतकरी येऊन कथा मागून नेत होते.

माणसांनी त्याला मानलं, ते मी सहन केलं. बायकोने मानलं, तेही गिळलं. पण डुकरांनीसुद्धा? डुकरांना तरी साहित्यिक गटबाजीपासून दूर राहता आलं असतं. परतीच्या गाडीत वांग्यांची थैली मांडीवर घेऊन मी जळत होतो. जाम गावाचा चौक आला तसा मी उतरलोच. रस्त्याच्या कडेला एका दुकानात भोंगे टांगलेले होते. त्यातला सर्वांत मोठा मी घेतला. जामच्या अलीकडेच माझे थोरले भाऊ पुंडलिकराव शेती करतात, त्यांचा हरभरा घाट्यांवर आलेला होता. माझी कथा त्या हरभऱ्यात लावायची. एकदा डुकरं पळाली की गोपिकाला सांगता येईल: बघ, रानातलं जनावर भ्यालं, तू कोण मोठी?

ध्वनिमुद्रणासाठी मी 'विहिरीतला हात' ही माझी सर्वोत्तम कथा निवडली. रविवारी दारं-खिडक्या लावून ओसरीत बसलो. गोपिकाला बजावलं, आवाज करायचा नाही. पहिल्या वेळी कुकरच्या शिट्ट्या आल्या. दुसऱ्या वेळी विहिरीतून हात वर येताना मी जो कण्हण्याचा आवाज काढला, तो ऐकून आनंदाबाई धावत आल्या आणि "पोट दुखून राह्यलं का भाऊ?" म्हणत ओव्याची डबी पुढे केली. तिसऱ्या वेळी प्रेमदास समोर बसून हाताने थांबायच्या खुणा करत होते, त्यामुळे कथेला गाडी सुटण्याचा बाज आला. चौथ्या वेळी मात्र सगळं निर्विघ्न पार पडलं. मी मोबाइल कानाला लावून ऐकलं. माझ्याच अंगावर काटा आला. निदान मला तसं वाटलं.

भोंगा लावायचा म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं होतं. पण भावाच्या शेजारच्या वावरवाल्याने आक्षेप घेतला की हुर्रर्र चालेल, भाषण चालणार नाही. ग्रामपंचायतीची परवानगी आणा. मी स्वतः हेडक्लार्क. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी लिहिलं, 'भयकथेच्या ध्वनिक्षेपणास परवानगी मिळणेबाबत.' तिथल्या बाबूने अर्ज दोनदा वाचला.

"कथा म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रम. मंडळाचं नाव? अध्यक्ष कोण? प्रेक्षक किती येतीन?"

"प्रेक्षक नाहीत. डुकरं आहेत."

"मंग हे पीक संरक्षण. त्याचा अर्ज येगळा. पण त्याच्यात कथा बसत नाई, आवाजच बसते."

"कथेला आवाज असतोच की."

"तसं लिहून द्या मंग. कथा नाई म्हणा. आवाज आहे म्हणा."

मी वाद घातला. साहित्य आणि आवाज यांतला फरक समजावला. बाबूने शांतपणे पान लावलं आणि सांगितलं की साहित्य असेल तर फाइल तालुक्याला जाईल, आवाज असेल तर आत्ता शिक्का मिळेल. बाहेर भाऊ भोंगा खांद्यावर घेऊन उभे होते. शेवटी मी, प्रभाकरराव, आयुष्यभर शब्दांची पूजा केलेला माणूस, स्वतःच्या हाताने लिहून दिलं: 'सदर ध्वनिमुद्रण हे साहित्य नसून पीक संरक्षणार्थ काढलेला आवाज आहे.' खाली सही केली. बाबू म्हणाला, "दोन प्रती लागते."

संध्याकाळी हरभऱ्याच्या मधोमध बांबूवर भोंगा चढवून मी समुद्रपूरला परतलो. सकाळी चहाच्या वेळेला भावाचा फोन आला.

"प्रभाकर, ये बापा. पाहून जाय."

आवाजात आनंद नव्हता. पहिल्या गाडीने गेलो. वावरात पाय ठेवला आणि तिथेच थबकलो. भोंग्याच्या चारी बाजूंनी हरभरा उकरलेला होता. घाटे खाल्लेले, झाडं तुडवलेली. आणि सर्वांत वाईट म्हणजे, भोंग्यासमोर अर्धगोलात माती दाबली गेली होती. तिथे कुणीतरी निवांत लोळून गेलं होतं. सगळ्यांची तोंडं भोंग्याकडे असावीत असा तो एकंदर नमुना होता.

"बसून ऐकलं त्याईनं," पुंडलिकराव म्हणाले. "पुरी ऐकली. अर्ध्यावर नाई उठले कोणी."

खरं सांगतो, लेखक म्हणून क्षणभर बरं वाटलं. इतका टिकून राहिलेला श्रोतृवर्ग मला आजवर मिळाला नव्हता. पण भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली गेली. तोवर गावातले दहा-पाच जण जमले. एकाने विचारलं, डुकरांना चहापाणी काय ठेवलं होतं? बाबूही आला. तो कागद काढून म्हणाला, "तुम्ही लेखी दिलं का हा पीक संरक्षणाचा आवाज आहे. ही खोटी माहिती झाली, गुरुजी." मी गुरुजी नाही, हेडक्लार्क आहे, हे सांगायचंही त्राण उरलं नव्हतं.

भोंगा अजून चालूच होता. माझाच आवाज शेतावर घुमत होता. "विहिरीतून... एक हात... वर आला!"

आणि लगेच मागून, बारीक पण स्वच्छ, "हूं."

पुंडलिकरावांनी कान टवकारले. "हे कोण हूं म्हणून राह्यलं?"

"त्या हाताला... बोटं नव्हती!"

"हूं."

गोपिका. तिला आवाज करू नको म्हटलं होतं, तर तिने केला नव्हता. हुंकाराला ती आवाज समजतच नाही. आणि मी कानाला लावून ऐकलं तेव्हा मला तो ऐकूच आला नव्हता. इतकी वर्षं कानात असलेली गोष्ट कानाला कशी ऐकू येणार?

"आता समजलं," भाऊ म्हणाले. "तू भेव दाखवते अन् तुही बायको हूं म्हणते. डुकराले वाटलं असन, कोणाचं तरी घर आहे, संध्याकाळच्या गोष्टी चालून राह्यल्या. कायले भेईन थे?"

जमलेले लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. मनातून मात्र मला गोपिकाचा भयंकर राग आला. नवऱ्याच्या कथेला घाबरली नाही ते नाही, वर डुकरांनाही धीर दिला.

भावाने माझ्या नकळत पवनारला फोन केला होता. दुपारपर्यंत रूपराव मोटारसायकलवर आपलं कार्ड घेऊन हजर. सोबत वांग्यांची थैली, जणू नुकसान वांग्यांनी भरून येणार होतं. तो हसला नाही, आणि ते मला जास्तच लागलं. त्याने कार्ड बदललं. "आवाज पोचते का, पाहून घेऊ," म्हणाला आणि बटण दाबलं. पळून जायला जागा नव्हती. भर उन्हात, बांधावर बसून, मी माझ्या साडूची कथा पहिल्यांदा ऐकली.

कथेत एक म्हातारा आहे. रोज संध्याकाळी तो ओसरीत बसून गोष्ट सांगतो आणि त्याची बायको स्वयंपाकघरातून हूं म्हणते. त्या दिवशीही तो सांगतो. हूं येतो. तो सांगत जातो, हूं येत जातो. गोष्ट संपते, म्हातारा पाणी प्यायला आत जातो, तर चूल थंड. जमिनीवर बाई निजलेली. ती सकाळीच गेलेली असते. दिवसभरात त्याने आत डोकावलेलंच नसतं. इथे भोंग्यातला रूपराव थांबला. प्रेमदासांना आवडलं असतं इतका थांबला. मग म्हातारा तिच्या नावाने हाक मारतो.

"सुमित्रेऽऽऽ!"

ती हाक भोंग्यातून निघाली आणि तुरीत बसलेले बगळे एकदम उडाले. भावाचा बैल दावणीत उठून उभा राहिला. माझ्या हातातलं वांगं बांधावरून खाली गडगडत गेलं. मी घसा खाकरला आणि कानात धूळ गेल्याचं सांगितलं.

मग विचारलं, "हे सुचलं कुठे?"

रूपराव बुटाच्या टोकाने माती उकरू लागला. "रागावसान नाई न, भाऊजी?"

"नाही. माझं मन मोठं आहे."

"मांगच्या साली संक्रांतीले तुमच्या घरी आलतो. संध्याकाळी तुम्ही ओसरीत कथा वाचून राह्यलते, ताई आतून हूं म्हणत. मी अन् उज्वला सयपाकघरात बसलतो. मंग ताई मागच्या दारानं आनंदाबाईकडे दही आणाले गेल्या. तिथंच गोष्टीत रमल्या. इकडं तुम्ही वाचतच राह्यले. बम वेळ, घंटाभर तरी. मधात मधात थांबा, अन् मंग पुढं वाचा. मी उज्वलाले म्हटलं, हे कोणासाठी थांबून राह्यले? हूं तं कोणीच म्हणून नाई राह्यलं. मले त्याचंच भेव वाटलं."

"खोटं," मी म्हणालो. "मला ती संध्याकाळ आठवते. 'पडक्या देवळातली सावली' वाचत होतो. शेवटपर्यंत हुंकार येत होता. मी स्वतः ऐकला."

रूपरावने खाली गडगडलेलं वांगं उचलून माझ्या हातात दिलं.

मला घाम फुटला. पण दुसऱ्याच क्षणी घामाच्या जागी जुना मत्सर परत आला, आणि खरं सांगायचं तर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. म्हणजे कथा माझी होती! घर माझं, ओसरी माझी, बायको माझी, मूर्खपणासुद्धा माझाच. मी लाल बल्बखाली बसून विहिरीतून हात काढत राहिलो आणि हा दह्याच्या वेळात माझ्याच घरातून पहिलं बक्षीस उचलून घेऊन गेला.

घरी आलो. गोपिका भाकरी थापत होती. डुकरांची बातमी माझ्याआधी घरी पोहोचलेली होती, कारण ती पदर तोंडाला लावून पाठ हलवत होती. मी चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा राहिलो.

"एक सांग. रूपरावच्या कथेत तुले भेव कायचं वाटलं? त्या म्हातारीच्या भुताचं?"

हसणं थांबलं. तिने भाकरी उलटली. "भुताचं काय भेव? बिचारी मेल्यावर बी हूं म्हणून राह्यलती."

"मंग?"

"म्हाताऱ्याचं वाटलं," ती तव्याकडे पाहत म्हणाली. "दिवसभर त्याले समजलंच नाई, बाई आहे का गेली. मले वाटलं, आपल्याकडं बी असंच होईन. मी गेली तरी तुम्ही वाचतच बसान. म्हणून त्या दिवशी तुमचा हात धरला. म्हटलं, पाहा तरी, मी आहे म्हणून."

"जिरं आणलं नाही," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "मालूम आहे."

पुढे काही दिवस मी वाचलंच नाही. प्रेमदासांनी दोनदा चौकशी केली. मग एका रविवारी दुपारी गोपिका स्वतःच म्हणाली, "आज काई वाचत नाई का? मले भाजी निवडाची आहे, हात चालन." ती आत मेथी घेऊन बसली. मी ओसरीत खुर्ची टाकली आणि नवी कथा काढली. गढीतल्या भुयाराची होती. फार भयानक होती असा माझा दावा नाही.

"भुयाराच्या तोंडाशी तो उभा राहिला," मी वाचलं.

"हूं."

तो हूं मी पहिल्यांदाच नीट ऐकला. जरा जाडसर आहे. शेवटी किंचित वर जातो. भाजीवाल्याला द्यायचा नाही तो, मी म्हटलं ते चुकलं होतं.

"आत मिट्ट अंधार होता."

"हूं."

"तो पहिली पायरी उतरला."

हूं आला नाही.

मी थांबलो. कदाचित मेथीची काडी अडली असेल. "दुसरी पायरी उतरला," मी वाचलं, जरा मोठ्याने. काही नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. कुठे तरी ट्रॅक्टर गेला. माझ्या हातातले कागद हलत होते आणि पंखा तर बंद होता. मग मी खुर्ची पाडली, चष्मा पाडला आणि "गोपिकेऽऽऽ!" अशी हाक मारत आत धावलो. समोर प्रेमदास दारात आले. आनंदाबाई ओव्याची डबी घेऊन निघाल्या.

गोपिका भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मेथी, हातात एक काडी, आणि डोळे माझ्यावर.

"काय झालं?"

"हूं काऊन नाई म्हटलं?" माझा आवाज फाटला होता.

"मुद्दामच थांबली," ती म्हणाली. "पाहत होती, समजते का." आणि माझा अवतार पाहून तिने खालचा ओठ दाबून धरला, पण डोळ्यांत पाणी आलंच. हसण्याचं की कशाचं, ते मी विचारलं नाही. मी तिथेच फरशीवर तिच्याशेजारी बसलो.

इतक्या वर्षांत आमच्या घरात माझी भयकथा चालू असताना पहिल्यांदाच कुणीतरी घाबरलं होतं. तोही मीच असावा, याला काय म्हणावं? आणि हे रूपरावला कळता कामा नये. तो वांगी तोडता तोडता यावरही लिहील, आणि पुन्हा पहिलं बक्षीस नेईल. म्हणून त्याच्याआधी मी घाईघाईने हे लिहून काढतो आहे. लाल बल्ब लावलेला नाही. स्वयंपाकघरात, मेथीच्या काड्यांत बसून लिहितो आहे.

त्या दिवशी आनंदाबाईंना ओव्यासकट परत पाठवल्यावर गोपिकाने ओसरीतून कागद गोळा करून आणले आणि माझ्या हातात दिले.

"पुढं वाचा न. तिसरी पायरी राह्यली."

"आधी हूं म्हण," मी म्हणालो.